जनसुनावणीआधीचे तेहतीस दिवस

९ डिसेंबर २०२३, शनिवार. कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत बसले होते, तेवढ्यात दिरांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत दडलेली तळहाताएवढी जाहीर सूचना. खाली एकच ओळ : "वहिनी, हे आपलंच गाव होय का पाहा बरं."

मौजा आमचाच होता. सात खसरा क्रमांक (जमिनीच्या तुकड्यांचे भूमापन क्रमांक), त्यापुढे "सामायिक घनकचरा प्रक्रिया व भूभरण सुविधा", आणि शेवटी ११ जानेवारी २०२४, सकाळी ११ वाजता, प्रकल्पस्थळी पर्यावरणविषयक जनसुनावणी. भूभरण म्हणजे काय हे दिरांना फोनवर सांगताना मी "डंपिंग" असं म्हटलं आणि पलीकडे एकदम शांतता झाली. भांडेवाडी, म्हणजे नागपूरचा कचरा जिथं टाकतात ती जागा, नागपूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

मी राहते नागपुरात, मानेवाड्यात, सासर उमरेड रस्ता सोडून कुहीच्या अंगाला आत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण फाइल अजून बंद झालेली नाही. गावाला मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातला तलाव आहे. सरकारी कागदात असल्या तलावांना माजी मालगुजारी, म्हणून थोडक्यात "मामा तलाव" म्हणतात. पाळीखाली धानाच्या बांध्या, वरच्या अंगाला मिरची, ढिवरांच्या संस्थेची मासेमारी, कडेला शिंगाडा. आणि तलावाच्या वरच्या बाजूची उताराची पडीक जमीन, म्हणजे पावसाचं पाणी जिथून तलावात उतरतं तीच, या सात खसऱ्यांत होती.

पुढच्या तेहतीस दिवसांत मला जे कळलं, ते पहिल्याच दिवशी कुणी एका ठिकाणी लिहून ठेवलेलं सापडलं असतं तर चार रजा आणि बरीच झोप वाचली असती. म्हणून हे लिहिते आहे.

गावात कुणालाच काही माहीत नव्हतं, असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. एप्रिलमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेच्या स्लॅबवर दोन मुलांनी एक पेटी आणून ठेवली होती. दिवसभर ती घरघर करायची. सासऱ्यांनी (आमच्याकडे त्यांना मामाजी म्हणतात) विचारलं तर मुलं म्हणाली, हवा मोजतो आहोत. "मले वाटलं मोबाइलचा टॉवर बसवून राहिले," मामाजी म्हणाले, "म्हटलं बसवू दे, रेंज येईल." पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अहवालासाठी आधारभूत माहिती गोळा करण्याचं काम होतं ते. तुमच्या शाळेच्या छपरावर अशी पेटी दिसली, तर ती कुणाची आणि कशासाठी हे त्याच दिवशी लिहून घ्या. आम्ही आठ महिने उशिरा जागे झालो.

नियम २००६ चा आहे. १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना. सुनावणीआधी किमान ३० दिवस सूचना द्यायची, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, ग्रामपंचायत अशा ठिकाणी लोकांना पाहायला ठेवायचा. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, पण अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जापेक्षा कमी नसलेला अधिकारी हवा. कागदावर हे सगळं सरळ आहे. आमच्या वेळी आडवं आलं ते अधिवेशन.

७ ते २० डिसेंबर विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात होतं. नागपूरकरांना सांगायला नको, त्या दोन आठवड्यांत इथल्या सरकारी कचेऱ्यांत खुर्च्या असतात, माणसं नसतात. ११ तारखेला, सोमवारी, अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी एका कार्यालयात गेले. कोणत्या ते राहू द्या. "साहेब अधिवेशनात आहेत, कपाटाची चावी त्यांच्याजवळ." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या खेपेला मी ग्रंथालयात अर्ज लिहितो तसा अर्ज लिहून नेला : अमुक अधिसूचनेनुसार मसुदा पाहायला मागितला, अमुक तारखांना उपलब्ध झाला नाही, कृपया पोच द्यावी. लिपिकानं अर्ज वाचला, मला बसायला सांगितलं आणि दहा मिनिटांत ३८६ पानांचं बाड टेबलावर आलं. चावी टेबलाच्याच खणात होती. तेव्हापासून तोंडी काही मागायचं मी सोडून दिलं.

झेरॉक्स मिळणार नाही म्हणाले, मोबाइलनं फोटो काढायला हरकत घेतली नाही. तीन दुपारी बसून फोटो काढले. मराठी सारांश १८ पानांचा, तो मंडळाच्या संकेतस्थळावरही होता. पण सारांशावर भागवू नका. सारांशात "परिणाम नगण्य" एवढंच असतं. तो नगण्य कशावरून ठरवला, ते मागच्या जोडपत्रांत असतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी, नवरा आणि बारावीतली मुलगी तो अहवाल वाचायचो. एका पानावर या भागात नारळाच्या बागा असल्याचा उल्लेख होता. मुलगी इतकी हसली की शेजारच्या काकू विचारायला आल्या. दुसऱ्याच कुठल्या तरी अहवालातून उचललेला परिच्छेद असणार. हे हरकतीत लिहायचा मोह आम्हाला फार झाला, आणि लिहिलंही, पण शेवटच्या पानावर एका ओळीत. अशा चुकांवर लोक हसतात, प्रकरण तपासणारी समिती "टंकलेखनदोष" म्हणून पुढे जाते.

खरी गोष्ट जोडपत्रातल्या तारखांमध्ये होती. सगळी मोजणी मार्च ते मे या काळातली. पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती चालते, म्हणजे नियमाचा भंग नाही. पण मे महिन्यात आमच्या तलावात म्हशी बसतील एवढंच पाणी उरतं. अहवालात तलावाचं नाव "हंगामी जलसाठा", अंतर २३० मीटर. स्थलांतरित पक्षी "आढळले नाहीत". भूजल ९.४ मीटरवर. कचरा पुरायचा खड्डा ६ मीटर खोल.

तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत भूभरणाच्या जागेसाठी अंतरं दिलेली होती : नदीपासून १०० मीटर, तलाव, महामार्ग, वस्ती आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर. पूरक्षेत्रात आणि पाणथळ जागेत परवानगी नव्हती. खड्ड्याच्या तळाशी जे अस्तर घालतात, ते भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा किमान दोन मीटर वर हवं होतं. सर्वांत वरच्या म्हणजे भादव्यातल्या. मे महिन्याच्या आकड्यावर ही जागा सगळ्या अटींत चपखल बसत होती.

मला वाटलं, सापडलं. हा तलाव पाणथळ, तिथं हे चालणारच नाही, संपलं. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम छापून घेतले, पिवळ्या शाईनं खुणा केल्या आणि एका जाणत्या निवृत्त अभियंत्यांकडे गेले. त्यांनी चष्मा वर सरकवून व्याख्येवर बोट ठेवलं. "वाचा." सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यपालनासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलसाठे या व्याख्येतून वगळले आहेत. "तुमचा तलाव सिंचनाचा. कायद्याच्या लेखी तो पाणथळ नाहीच, बाई."

घरी येताना छत्रपती चौकात सिग्नलला थांबले होते आणि रडायला आलं. पूर्व विदर्भातले शेकडो तलाव माणसानं बांधलेले आहेत. त्यांत करकोचे येतात, कमळं फुलतात, वाम आणि मरळ सापडते, पण पाळ माणसानं घातली म्हणून ते पाणथळ नाहीत!

याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. आमच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एक ताई भांडेवाडीच्या बाजूला राहतात. माझी पळापळ त्या बघत होत्या. डबा खाताना म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या तलावावर बदकं येते म्हणून तुम्ही भांडून राहिल्या, चांगलंच हाय. पन उन्हाळ्यात आमच्याकडं कचऱ्याले आग लागते ना, तवा रातभर लेकराच्या तोंडावर ओला दुपट्टा धरून बसा लागते. तिकडं नाही पडला तं इकडंच पडन ना तो?"

मला उत्तर देता आलं नाही. नागपूरचा कचरा रोज हजार टनांच्या वर आहे आणि त्यात माझ्या घरची ओलं-सुकं एकत्र केलेली बादलीही होती. त्या दिवसानंतर आमच्या निवेदनाचं पहिलं वाक्य बदललं. "या प्रकल्पास आमचा तीव्र विरोध आहे" खोडून "कचरा प्रक्रिया केंद्राला विरोध नाही, निवडलेल्या जागेला आहे, पर्यायी जागांचा तुलनात्मक अभ्यास अहवालात दिलेला नाही" असं लिहिलं. गावातल्या दोघा-तिघांना हे मुळीच आवडलं नाही. "वहिनी पाणी घालून राहिल्या," असं पानठेल्यावर बोललं गेलं, ते माझ्यापर्यंत पोचलंही. मी वाक्य बदललं नाही.

तलाव सिंचनाचा हे मामाजींना सांगितलं तेव्हा ते चिडले. "नुसता सिंचनाचा कोन म्हनते? ढोरं कुठं पाणी पेतात? धुणं कुठं? ढिवर काय सिंचन करतात? निस्तार हाय तो गावाचा."

निस्तार हा शब्द मी सासरी येऊन पहिल्यांदा ऐकला होता. विदर्भात प्रत्येक जुन्या गावाचं निस्तार पत्रक असतं. गावाची कोणती जमीन चराईची, लाकूडफाटा कुठून आणायचा, पाणी कुठलं, वाट कुठून, याची नोंद. जोडीला वाजिब-उल-अर्ज : पाण्याचे, मासेमारीचे, वहिवाटीचे परंपरागत हक्क. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १६१ आणि १६५ ही त्यांचीच. आमच्या गावाचं पत्रक अभिलेख कक्षात निघालं. अर्ज २० डिसेंबरला केला, प्रमाणित नक्कल २८ ला मिळाली, खर्च दोनशेच्या आत. पिवळट, मोडायला आलेला कागद, अक्षर मोत्यासारखं. तलावापुढे लिहिलं होतं : गुरांचं पाणी, आंघोळ, धुणं, मासोळी, शिंगाडा. सिंचन सगळ्यांत शेवटी. "सिंचनासाठी खास बांधलेला" या शब्दांना उत्तर द्यायला आम्हाला हाच कागद मिळाला. ते उत्तर कायद्यात टिकेल का, हे मी ठरवू शकत नव्हते. पण मुद्दा नोंदवता येत होता.

सातबाऱ्यांनी आणखी एक धक्का दिला. सातपैकी दोन खसऱ्यांवर नोंद होती "झुडपी जंगल". पूर्व विदर्भाबाहेरच्यांना हा प्रकार कळत नाही. नाव जंगल, जागा काटेरी झुडपांची, आणि वन म्हणायचं की महसूल याचा घोळ कित्येक वर्षांचा. अहवालात हे दोन्ही तुकडे "शासकीय पडीक" होते. सूचनेतला प्रत्येक खसरा क्रमांक घेऊन त्याचा सातबारा काढा, एकही सोडू नका. आम्ही आधी तीनच काढले होते. झुडपी जंगल निघालं ते सहाव्या आणि सातव्यात.

२४ डिसेंबरचा रविवार मात्र मी विसरणार नाही. सकाळी आठला थंडीत गावातली पंधरा-वीस माणसं तलावावर जमली. एका ठेकेदाराकडून १०० मीटरचा टेप मागून आणला होता. प्रश्न असा की मोजायचं कुठून. अहवालानं एप्रिलमधल्या पाण्याच्या काठापासून मोजलं होतं. तलाव भरतो तो सांडव्याच्या उंचीपर्यंत, आमच्याकडे त्याला सलंग म्हणतात. सलंगावरून पाणी वाहायला लागतं तेव्हा वरच्या अंगाला काठ कुठे असतो, हे ढिवरांच्या काकाजींनी चालत चालत दाखवलं. बाभळीच्या बुंध्यांवर चिखलाची रेघ होती, बेशरमाची झुडपं एका ओळीत थांबत होती, गेल्या पावसाळ्यातला काडीकचरा तिथंच अडकला होता. तिथून प्रकल्पाच्या हद्दीच्या दगडापर्यंत टेप ताणला. ९६ मीटर. तीनदा मोजलं, तीन वेगवेगळ्या माणसांनी. प्रत्येक वेळी टेपचा आकडा आणि मागचा तलाव एकाच फोटोत येईल असा फोटो काढला, फोनमधलं ठिकाण आणि वेळ सुरू ठेवून.

मग विहिरी. दोरीला दगड बांधून चौदा विहिरींचं पाणी मोजलं. मामाजी हातात मोजत होते, "सात हात", "आठ हात", मी दोरी टेपवर ताणून मीटर लिहीत होते. सगळ्यात वरचं २.८, सगळ्यात खालचं ४.२. आणि हे मार्गशीर्षात, पाणी उतरायला लागल्यावर. ६ मीटरचा खड्डा म्हणजे तळ पाण्यात. हा एक आकडा बाकी सगळ्या मुद्द्यांपेक्षा भारी होता, आणि तो काढायला दोरी, दगड आणि एक सकाळ लागली. सरकारी निरीक्षण विहिरींचे पावसाळ्यानंतरचे आकडे माहितीच्या अधिकारात मागवले होते, दहा रुपयांचा तिकीट लावून, १२ डिसेंबरला. उत्तर आलं १९ जानेवारीला. सुनावणी होऊन गेली होती. ३० दिवसांच्या सूचनेत ३० दिवसांच्या मुदतीची माहिती वेळेत येत नसते, हे गणित मी आधीच करायला हवं होतं.

पक्ष्यांचं काम नागपूरच्या दोन कॉलेजच्या मुलांनी केलं. तीन रविवार पहाटे दुर्बीण घेऊन आली. चक्रवाक, थापट्या, वारकरी, आणि ३१ तारखेच्या धुक्यात पट्टकदंब हंसांचा थवा. मी इतकी वर्षं या गावात येते, हंस मी तोवर पाहिलेले नव्हते. काकाजींना त्यांचं काही वाटलं नाही. "दरसाल येतात. हरभरा खातात लेकाचे." प्रत्येक फोटोवर तारीख आली पाहिजे यावर मुलं अडून बसली, आणि बरं झालं.

एक मुद्दा आम्ही स्वतःहून काढून टाकला. विमानतळापासून २० किलोमीटरच्या आत भूभरण नको असाही त्या नियमांत नियम होता, कचऱ्यावर घारी जमतात म्हणून. सोनेगावच्या विमानतळाचं नाव घालून मसुद्यात जोरदार परिच्छेद झाला होता. नकाशावर अंतर काढलं तर २७ किलोमीटर भरलं. एक खोटा मुद्दा राहिला असता तर त्यांनी उत्तर त्यालाच दिलं असतं आणि बाकीचे तसेच राहिले असते.

विशेष ग्रामसभा २९ तारखेला ठेवली, कोरम झाला नाही, तहकूब सभा पुन्हा घेतली. खरं भांडण त्या सभेत झालं. तरुणांचा एक गट म्हणत होता, सुनावणीवर बहिष्कार टाकू, खुर्च्या रिकाम्या पाहून साहेब परत जातील. मलाही आधी तसंच वाटायचं. पण अधिसूचनेत स्पष्ट लिहिलं आहे : सुनावणी सुरू करायला गणसंख्येची अट नाही. मंडपात चार माणसं असली तरी सुनावणी झाली आणि हरकती नाहीत असं इतिवृत्त तयार होतं. सरपंचबाईंनी तो परिच्छेद मोठ्यानं दोनदा वाचला. दुसरा गट वेगळंच म्हणत होता, आमच्या पोरांले कामं पाह्यजे, कंपनी देतो म्हणते. त्यांना गप्प करायचा प्रयत्न झाला, तो मला आवडला नाही. उमरेड-नागपूर रोज मोटारसायकलनं जाऊन बारा तासांची ड्युटी करणाऱ्या पोरानं काय मागावं? ठराव बहुमतानं झाला, एकमतानं नाही, आणि सरपंचबाईंनी तसाच लिहायला लावला.

हरकतीची पत्रं लिहिताना एक चूक टळली ती त्या निवृत्त अभियंत्यांमुळे. आम्ही एकच मजकूर छापून दोनशे सह्या घेणार होतो. ते म्हणाले, एकाच मजकुराची दोनशे निवेदनं म्हणजे त्यांच्या लेखी एक निवेदन. मग ज्यानं त्यानं आपलं लिहिलं. ढिवरांनी मासोळीचं, विहीरवाल्यांनी विहिरीचं, बायांनी धुण्याचं आणि शाळेच्या वाटेवरच्या ट्रकांचं. ६१ पत्रं झाली. शुद्धलेखनाला हात लावला नाही. प्रत्येकाच्या दोन प्रती काढल्या, एकीवर पोच. झेरॉक्स, नकला, पेट्रोल, टायपिंग मिळून मी मांडलेला खर्च ३,८४० रुपये झाला. निम्मा गावानं वर्गणीतून दिला. माझ्या साडेचार किरकोळ रजा गेल्या.

११ जानेवारीला गारठा होता. मंडप, लाल खुर्च्या, पोलिसांची गाडी, दोन व्हिडिओ कॅमेरे, चहाचे कागदी कप. (ते कप नंतर तलावाकडे उडत गेले, दिरांनी वेचून आणले.) दाराशी नावनोंदणी होती. नाव लिहिलं तरच हजेरी लागते, म्हणून आम्ही दोन मुलं तिथंच उभी केली होती. सल्लागार कंपनीचं सादरीकरण इंग्रजी-हिंदीत सुरू झालं. मागून आवाज आला, "मराठीत सांगा जी!" आणि त्यांना सांगावं लागलं. एका पुढाऱ्यांनी पंचवीस मिनिटं घेतली, त्यात तलाव एकदा आला. मी घड्याळ बघत होते. बायांचा नंबर तीन वाजता लागला, तोवर निम्म्या बाया पोरं शाळेतून येतील म्हणून उठून गेल्या होत्या. पुढच्यांनी हे लक्षात ठेवावं : बायांची नावं यादीत वर लिहा.

मामाजींनी कधी माइक धरला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. "साहेब, तुमच्या पुस्तकातला तलाव एप्रिलचा हाय. आमचा भादव्यातला हाय. तलाव एकच हाय, तुमचा पाहाले यायचा टाइम चुकला." मंडप हसला, अध्यक्ष अधिकारीही हसले, आणि मग त्यांनी सल्लागारांना विचारलं की पावसाळ्यानंतरची मोजणी आहे का. नव्हती.

माझा नंबर आला तेव्हा मी भाषण केलं नाही. पान क्रमांक, तक्ता क्रमांक, आमचा आकडा, जोडलेला फोटो, एवढंच वाचलं, सहा मिनिटं. आवाज थरथरत होता, व्हिडिओत तो ऐकू येतो.

लोकांना वाटत होतं, शेवटी हात वर करायला सांगतील आणि निर्णय देतील. तसं काही होत नाही. सुनावणीत निर्णय नसतो, फक्त नोंद होते. पण शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं, आणि तोवर मंडप रिकामा झालेला असतो. आम्ही तीसेक जण थांबलो. वाचन सुरू झालं. विहिरींच्या मुद्द्यापुढे लिहिलं होतं : "ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली." मी उभी राहिले. चिंता नाही साहेब, आकडा आहे. चौदा विहिरी, २.८ ते ४.२ मीटर, मोजणीची तारीख. थोडी कुरकुर झाली, मग वाक्य बदललं गेलं. ९६ मीटरही तसंच घालून घेतलं, आणि निस्तार पत्रकाची जोडणी. त्या वेळी साडेपाच वाजले होते, टेबलावर कुणी तरी मोबाइलचा टॉर्च धरला होता. तेहतीस दिवसांच्या कामातलं खरं काम त्या पंधरा मिनिटांत झालं असं मला वाटतं. आम्हीही चहाला गेलो असतो तर "चिंता" मुंबईला गेली असती.

त्यानंतर वाट पाहणं. मंडळ इतिवृत्त पुढे पाठवतं, राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समिती प्रकरण बघते, तिचं इतिवृत्त परिवेश या पर्यावरण परवानग्यांच्या सरकारी पोर्टलवर येतं. कळवायला कुणी येत नाही, आपणच बघायचं. मी दर सोमवारी बघायचे. मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. भूजलाचे ते उशिरा आलेले आकडे मी दरम्यान पुरवणी म्हणून पाठवले, टपालानंही आणि ईमेलनंही. जुलै २०२४ मध्ये एका सोमवारी आमचं प्रकरण यादीत दिसलं. समितीनं नाकारलं नव्हतं, मंजूरही केलं नव्हतं. पावसाळ्यानंतरची भूजल पातळी, तलावाच्या पूर्ण संचय पातळीची अधिकृत आखणी, हिवाळ्यातला पक्ष्यांचा अभ्यास, पर्यायी जागांची तुलना आणि झुडपी जंगलाच्या दोन खसऱ्यांचा खुलासा मागून प्रकरण पुढे ढकललं होतं. गावात फटाके वाजले. मी दिरांना म्हटलं, वाजवू नका, हे फक्त पुन्हा मोजायला सांगितलं आहे. त्यांनी ऐकलं नाही.

२२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच धरायचं असा निकाल दिला. त्या दोन खसऱ्यांचं पुढे काय, ते पोर्टलवर अजून आलेलं नाही. भांडेवाडीच्या ताई अधूनमधून विचारतात, "मॅडम, तुमचं झालं का?" मी म्हणते, चालू आहे. त्या म्हणतात, आमचंबी.

सल्लागारांची माणसं मधल्या हिवाळ्यात पुन्हा आली होती. या वेळी मे महिना नव्हता आणि बरोबर पक्ष्यांचं पुस्तक होतं. एका बदकावरून त्यांच्यात वाद झाला तेव्हा त्यांनी काकाजींना बोलावलं. काकाजींनी गावातलं नाव सांगितलं, ते पुस्तकात नव्हतं.

मामाजी आता दर अमावस्येला विहिरीत दोरी सोडतात आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवतात. मीटरमध्ये लिहा म्हटलं तरी हातातच लिहितात. परवा गेले तेव्हा पाहिलं, पोळ्याच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं आहे, "दोन हात". त्याचे मीटर मला अजून करायचे आहेत.